गव्हाणीवरचा बास्केटबॉल

माझ्या निरोप समारंभात साहेबांनी भाषण केलं. मी ऊस यार्डातला निष्ठावान कर्मचारी, यार्डाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस, वगैरे. ते खोटं नव्हतं. पण मला कारखान्यात घेतलं ते उसासाठी नव्हे, लोखंडी कड्यातून चेंडू टाकण्यासाठी. सभागृहातल्या तरुण मंडळींना हे ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यातले निम्मे आता नाहीत, उरलेल्यांना ऐकू येत नाही. म्हणून म्हटलं, या दिवाळीला लिहूनच टाकावं.

व्यावसायिक खेळाडू म्हटलं की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे लिलाव आणि जाहिराती येतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नगर जिल्ह्यात बास्केटबॉल खेळून पोट भरायचं तर एकच वाट होती. कुणीतरी तुम्हाला दुसऱ्याच कामावर घ्यायचं आणि खेळ त्या कामाच्या पोटात लपवायचा. मी पोटासाठी बास्केटबॉल खेळलो, पण हजेरीपटावर माझा हुद्दा होता ‘गव्हाण मदतनीस’. गव्हाण म्हणजे गोठ्यातली नव्हे. कारखान्यात गाडीतून आलेला ऊस ज्या लांबलचक खंदकात टाकतात आणि जिथून तो सरकत सरकत आत चरकाकडे जातो, ती गव्हाण. सकाळी मी तिथे उसाच्या मोळ्या सरळ करायचो आणि संध्याकाळी मैदानावर जायचो.

कारखान्याचं नाव सांगत नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला, कालव्याच्या पाण्यावरचा होता, एवढं पुरे. मी पारनेर तालुक्यातला, म्हणजे कोरड्या भागातला. आमच्याकडे ऊस फक्त संक्रांतीला ओवसायला लागायचा. नगरला बोर्डिंगात राहून शिकत होतो, तेव्हा लष्करी छावणीतले जवान बास्केटबॉल खेळायचे, ते तारेच्या कुंपणाला नाक लावून बघायचो. माझी उंची बघून एक दिवस त्यांनीच आत बोलावलं. उंची अशी की सगळे मला ‘शिडी’ म्हणायचे, आणि पुढे कारखान्यातही तेच नाव चिकटलं. एकदा कचेरीतून कुणी ओरडून सांगितलं की नवा बॉल शिडीकडे पोचवा. जीपचा ड्रायव्हर नवखा होता. तो बॉल घेऊन थेट शिर्डीला गेला, प्रसादाच्या दुकानांतून दिवसभर चौकशी करत हिंडला आणि संध्याकाळी बॉलला अंगारा लावून परत आला.

आमच्या चेअरमनना सगळे दादा म्हणत. ते साखरेच्या कसल्याशा बैठकीला पुण्याला गेले असताना त्यांनी एक सामना पाहिला आणि त्यांच्या मनाने घेतलं की आपल्या कारखान्याचा संघ पाहिजे. पैलवान सगळेच ठेवतात, आपण काहीतरी नवं ठेवू, असा त्यांचा विचार. माझ्या बोर्डिंगातले एक सर मला त्यांच्याकडे घेऊन गेले. दादांनी खेळाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. कचेरीच्या भिंतीवर पार वर लंबकाचं घड्याळ होतं, शिपायाला चावी द्यायला स्टूल आणावं लागायचं. दादा मला म्हणाले, “त्या घड्याळाला चावी दे बरं.” मी जमिनीवर उभा राहून काच उघडली आणि चावी दिली. दादा शिपायाकडे वळून म्हणाले, “घ्या ह्याला. बॉल न्हाई जमला तर घड्याळाला तरी हुईल.”

असा मी हंगामी झालो. हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे, कारण या सगळ्या हकिगतीचं मूळ त्यातच आहे. साखर कारखान्यात माणसं दोन प्रकारची असतात, कायम आणि हंगामी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला भोंगा झाला की हंगामी माणूस येतो, आणि उन्हाळ्यात ऊस संपला की वळकटी उचलून घरी जातो. पुढच्या वर्षी बोलावतील अशी आशा असते, खात्री नसते. कायम माणसाला क्वार्टर मिळते, आणि मुख्य म्हणजे सोयरीक जुळते. आम्ही पाचही खेळाडू हंगामी. एक फिटर, एक ऊस मोजायच्या वजनकाट्यावरचा, दोघे साखर गोदामातले आणि मी गव्हाणीवरचा.

आम्हाला शिकवायला नगरहून उस्ताद आले. लष्करातून निवृत्त झालेले हवालदार, पांढरी आखूड दाढी, पाठ अशी ताठ की खुर्चीची पाठ त्यांना कधी लागलीच नाही. त्यांना शिव्या येत नव्हत्या. कुणी चुकलं की फक्त “बेटा” म्हणायचे आणि तो बेटा ऐकून माणूस आठवडाभर शहाण्यासारखा वागायचा. त्यांचा एकच कायदा होता. “शिट्टी झाल्याबिगर थांबायचं नाय. ढग फुटू दे, बायको हाका मारू दे, शिट्टी नाय तर खेळ चालू.” रोज सराव सुरू करायच्या आधी हे वाक्य ऐकावं लागायचं.

मैदान मुरमाचं. रोज पाणी मारायचं, आठवड्याला शेणाचा सडा, फक्कीने रेघा. खांब कारखान्याच्या वर्कशॉपातच उभे केले. कडं आमच्या संघातल्या सोपान फिटरने केलं. त्याला माप सांगितलं होतं ते कड्याच्या आतलं, त्याने धरलं बाहेरचं, आणि वर चांगला जाडजूड पाइप वापरला. कडं चार बोटं अरुंद झालं. बॉल जायचा, पण अंग चोरून. सबंध हंगाम आम्ही त्यावर सराव केला आणि आपल्याला हा खेळ येत नाही असंच समजत राहिलो. मग बाहेरगावी पहिला सामना खेळायला गेलो, तर तिथलं कडं आम्हाला विहिरीएवढं दिसलं. सामना जिंकून आल्यावर उस्तादांनी लाकडी शिडी मागवून कडं मोजलं, सोपानला “बेटा” म्हणाले आणि कडं बदलू दिलं नाही.

सामन्याला गर्दी व्हायची ती गाडीवानांची, तोडणीवाल्यांची, कामगारांच्या घरच्या माणसांची. त्यांना खेळ समजावणं हे आमचं आणखी एक काम. बॉल हातात घेऊन पळायचं नाही, आपटत न्यायचा. कड्यात पडला की दोन गुण. अंगाला अंग घासलं तर फाउल. पाथर्डीकडच्या एका गाडीवानाला हे शेवटचं मुळीच पटलं नाही, दहा माणसं एका खळ्यात पळवायची आणि अंगाला लागू द्यायचं नाही हा कुठला न्याय, असं तो प्रत्येक सामन्यात विचारायचा. पण बाकीचं त्यांनी आपल्या भाषेत बसवून घेतलं. कडं म्हणजे गव्हाण, आणि बॉल म्हणजे मोळी. माझ्या हातात बॉल आला की सगळीकडून आरोळी उठायची, “टाक मोळी!” बाहेरचे संघ गोंधळून जायचे. त्यांना वाटायचं ही आमची काहीतरी गुप्त खूण आहे.

विरोध करणारेही होते. तात्या नावाचे एक सभासद होते, स्वतःचा ऊस कारखान्याला घालणारे, गुडघ्यांनी अधू, पण जिभेने ठणठणीत. वार्षिक सभेत ते आपल्या खुर्चीवरूनच बोलायचे. उसातून किती साखर निघते त्याला उतारा म्हणतात, आणि शेतकऱ्याचं सगळं लक्ष उताऱ्यावर. तात्यांनी भर सभेत दादांना विचारलं, “ह्या बॉलाचा उतारा किती?” सभा इतकी हसली की दादांनाही हसू आवरेना. त्यानंतर आम्ही कुठे दिसलो की लोक उतारा विचारायचे. गंमत म्हणजे तात्या आमचा एकही सामना चुकवत नसत. बैलगाडीतून खुर्ची आणायची, रेघेजवळ मांडायची आणि शेवटपर्यंत तोंड वाकडं करून बघायचं.

मग बहात्तर साल आलं. त्या दुष्काळाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी फक्त माझ्या मैदानापुरतं सांगतो. कालवा आटला, ऊस जागेवर वाळला, उरलासुरला जनावरांच्या वैरणीला गेला. कारखाना जेमतेम चालून बंद पडला, पण आम्हा पाचांना दादांनी सरावासाठी ठेवून घेतलं. मैदानाला पाणी मारणं पापच होतं, आम्हीच नको म्हटलं. मुरूम भुसभुशीत झाला, बॉल आपटला की कुठेही उडायचा, नाही तर धुळीत बसायचा. उस्तादांनी बॉल आपटणंच बंद केलं. नुसते पास द्यायचे, हातातून हातात. दुष्काळाने आम्हाला पासिंग शिकवलं, असं मी गमतीने म्हणतो, पण ते खरंच आहे. आमच्यासारखे पास देणारा संघ तेव्हा जिल्ह्यात नव्हता.

याच दिवसांत माझं लग्न ठरायला आलं होतं. मुलगी पारनेरजवळची, सुमन. पाहण्याच्या कार्यक्रमात मी तिच्याकडे एकदा बघितलं आणि माझं ठरलं. तिचं काय ठरलं ते तिने पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं, ते इथे लिहीत नाही. तिच्या वडिलांनी चहा झाल्यावर शांतपणे विचारलं, “पाव्हणं, कायम हाय का हंगामी?” मी म्हटलं, हंगामी. त्यांनी कपबशी खाली ठेवली. दसऱ्यापर्यंत वाट बघू, म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्या साली बंद कारखान्यातल्या हंगामी माणसाला कुणी आपली मुलगी दिली असती तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

पुढल्या वर्षी पाऊस चांगला झाला, पण ऊस काही पावसाबरोबर उगवत नाही, त्याला वर्ष-सव्वा वर्ष लागतं. शेतात ऊस थोडाच होता. त्यात वर्षभर थंड पडलेला बॉयलर वाफ धरेल की नाही याची धाकधूक. धरली तर हंगाम, नाही तर असेल तो ऊस शेजारच्या कारखान्याला द्यायचा, असं ठरलं होतं. सभेत तात्यांनी पुन्हा बॉलचा विषय काढला. या वेळी कुणी हसलं नाही. दादांनी उभं राहून सांगितलं की दसऱ्याच्या आपल्या स्पर्धेत कप इथे राहिला तर पाचही पोरं कायम करतो, नाही राहिला तर टीम बंद. दादांचा शब्द म्हणजे शब्द, त्याच्या दोन्ही बाजूंनी.

अंतिम सामना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. समोर नगरच्या छावणीतला लष्कराचा संघ. एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीवर जाऊन आलेली पोरं, काटक आणि नम्र. सामन्याआधी त्यांनी आम्हाला आपट्याची पानं दिली, आम्ही त्यांना. तिकडे बॉयलर चार दिवसांपासून हळूहळू तापत होता. बॉयलर चुलीसारखा पेटवला आणि उकळला असा नसतो, त्याला गोंजारत न्यावं लागतं. बॉयलरवरचे गेनबा या कामात मुरलेले. दादांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, वाफ टिकली तर भोंगा दे, न्हाई टिकली तर गप बस. आमच्याकडे पहिल्या भोंग्याचा शिरस्ता असा की वाफ आली की लगेच द्यायचा, वेळ कुणाला विचारायची नसते. आणि दादा सामन्याच्या भरात हे पार विसरले होते.

सामना अटीतटीचा झाला. जवान दमत नव्हते, पण आमचे पास त्यांना सापडत नव्हते. अगदी शेवटी आम्ही एका गुणाने मागे होतो आणि बॉल आमच्याकडे होता. थोडाच वेळ उरला होता. सोपानने मला पास दिला. माझी जागा ठरलेली होती, कड्याच्या उजव्या हाताला, जिथून मी डोळे मिटून टाकू शकायचो. दोन जवान माझ्यावर धावून आले. सगळीकडून आरोळी उठली, “टाक मोळी!” आणि त्याच क्षणी भोंगा झाला.

ज्यांनी वर्षभर तो ऐकला नव्हता त्यांना तो कसा वाटला हे लिहून सांगता येणार नाही. छातीतून आरपार गेला. आरोळी मध्येच तुटली. सगळं मैदान उठलं आणि गेटकडे पळत सुटलं. बायका पोरं काखेला मारून पळत होत्या, गाडीवान बैल सोडून पळत होते. दादा धोतराचा सोगा धरून सगळ्यांत पुढे. टेबलावर वेळ बघायला बसलेला टाइम ऑफिसचा कारकून घड्याळ तिथेच टाकून पळाला. आणि माझे चार गडी, शिट्टीशिवाय थांबायचं नाही हे रोज ऐकलेले, तेही पळाले. मी त्यांना आजही दोष देत नाही. हंगामी माणसाच्या कानाला शिट्टीपेक्षा भोंगा जवळचा.

मी मात्र जागेवरच राहिलो, कारण समोर भलतंच काही घडलं होतं. पाचही जवान जमिनीवर पालथे पडले होते, डोक्यावर हात घेऊन. आमचा भोंगा म्हणजे त्यांना विमानहल्ल्याचा इशारा वाटला होता. त्यांच्या कप्तानाने ओरडून हुकूम दिला आणि सगळे आडवे झाले. मी वळून उस्तादांकडे बघितलं. उस्तादही रेघेबाहेर धुळीत पालथे पडलेले होते.

कड्यापुढे कुणी नव्हतं. पंच शिट्टी ओठांत धरून धुराड्याकडे बघत होते. शिट्टी झाली नव्हती. कायम होणं, क्वार्टर, सुमन, सगळं त्या कड्याच्या पलीकडे होतं आणि मला अडवणारा एकही माणूस उभा नव्हता. मी उडी मारली आणि बॉल टाकला.

बॉल कड्यावर बसला, दोनदा गोल फिरला आणि बाहेर पडला.

आयुष्यात मला इतका सोपा बॉल कधी मिळाला नव्हता. का गेला नाही, याचा मी खूप विचार केला आहे. कडं अरुंद होतं हे खरं, पण मी त्या कड्याला सरावलेला होतो. मला वाटतं, हात टाकत होते पण कान भोंग्यात होते. मीही शेवटी त्याच कारखान्याचा माणूस. भोंगा थांबला तेव्हा पंच भानावर आले, टेबलावरचं घड्याळ बघितलं आणि शिट्टी वाजवली. वेळ संपली होती. आम्ही एका गुणाने हरलो.

जवान उठून कपडे झटकत होते, जरा ओशाळले होते. कप्तान कोल्हापूरकडचा होता, माझा हात हातात घेऊन म्हणाला, सवय लागलीय, दुसरं काय. उस्ताद उठले. दाढीला धूळ लागली होती. त्यांनी विचारलं, “टाकलास?”

“टाकला, उस्ताद. गेला नाही.”

“शिट्टी झाली होती?”

“नाही.”

“मग बरोबर केलंस.” त्यांनी बॉल उचलून त्याची धूळ पुसली. मग म्हणाले, “मी पडलो, बेटा.” एवढंच. पुढे ते नगरला परत गेले, आणि मला भेटले की त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. त्यांचा तो ‘पडलो’ मला माझ्या हुकलेल्या बॉलपेक्षा जास्त लागला.

दादांनी शब्द पाळला. दोन दिवसांनी संचालकांची बैठक झाली, त्यात टीम बंद झाली. आम्हा पाचांना हंगामापुरतं ठेवायचं ठरत होतं. आम्ही दाराबाहेर उभे होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं. तात्यांना खास बोलावलं होतं, सभासदांच्या वतीने. त्यांची खुर्ची आत नेऊन मांडली होती. ते म्हणाले, “माझं गुडघं असलं, मला काय पळता आलं न्हाई. म्हणून म्या समदं बघितलं. भोंगा झाला, लोकं पळाली, दादा तुमी बी पळाला, मिलिटरी आडवी झाली. ह्यो शिडी एकटा जाग्यावर हुता. हातातलं काम त्यानं पुरं केलं. असा गडी यार्डात कायम पायजे.”

कुणीतरी म्हणालं, पण तात्या, बॉल तर पडलाच नाही.

“मोळी तिरकी पडती कंदी कंदी. म्हून गव्हाण बंद करतो का आपुन?”

दादांनी विचारलं, मग टीमचं काय म्हणता. तात्या म्हणाले, “टीम न्हाई. गडी.”

असा मी कायम झालो. बॉल घालता आला असता तर पाचही जण झाले असते. चुकलो, म्हणून एकटा झालो, आणि ज्या कामासाठी मला आणलं होतं ते काम त्याच दिवशी संपलं. चौघांनी मला पाठीवर थापा मारल्या, सोपान तर मनापासून हसला. मला आनंद झाला होता आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. ते चौघे पुढे आपापल्या वाटेने कुठे ना कुठे लागले, पण आम्ही पाच जण पुन्हा एकत्र कधी खेळलो नाही.

पारनेरला जाऊन मी सुमनच्या वडिलांना सांगितलं, कायम. त्यांनी लगेच पेढे मागवले. मग जरा चाचरत विचारलं, “आन त्यो बॉल?” मी म्हटलं, बंद झाला. त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. सुमनने मला खेळताना कधीच पाहिलं नाही. संसार चांगला झाला, तरी ही एक गोष्ट राहिली. हातात बॉल असताना मी कसा दिसायचो हे माझ्या बायकोला माहीत नाही.

हंगाम सुरू झाला तसा यार्डाला जागा कमी पडू लागली आणि मैदानावर बैलगाड्या उभ्या राहायला लागल्या. त्या लावून घेणं माझंच काम. खांब बरीच वर्षं होते. गाडीवान त्यांना बैल बांधायचे आणि सोपानच्या कड्याला कंदील अडकवायचे. कचेरीतल्या घड्याळाला मात्र चावी शेवटपर्यंत मीच दिली, ते काम माझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही.

‘टाक मोळी’ ही आरोळी राहिली. ती मूळची उसाचीच, आम्ही मध्यंतरी उसनी घेतली होती. गाडी गव्हाणीशी लागली की वरून कुणीतरी ओरडायचं, “टाक मोळी!” आणि मी यार्डाच्या दुसऱ्या टोकाला असलो तरी माझे दोन्ही हात छातीपर्यंत वर यायचे. निवृत्त झालो तरी अजून येतात. परवाच कारखान्यावरून चाललो होतो, आरोळी ऐकली, हात वर आले. बरोबर सुमन होती. तिने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आणि हात खाली घेतले.